रेखाच्या जपानी गाडीची काडी

रेखा, माझी धाकटी जाऊ, घनसावंगीहून जालन्याला आमच्या दुकानापर्यंत एकटी गाडी चालवत आली... तिथंच माझं डोकं फिरलं. वीसेक वर्षं झाली असतील. आज लिहायचं ठरवलंय, तर लिहूनच टाकते.

आमचं दुकान गाड्यांच्या सीट कव्हरचं. नावाला ह्यांचं, मशीनवर मी. चौथीतून शाळा सुटली, पण सीट शिवता शिवता गाड्या ओळखायला शिकले. कोणती वस्तू कंपनीतूनच बसून आली आन् कोणती नंतर बाजारात बसवली, ते मी बघून सांगायचे. गिऱ्हाईक ह्यांना सोडून मला विचारायचं.

सगळ्या भावकीत माझ्याकडं एवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं रेखाकडं... दहावी पास, दिसायला चांगली, नवरा ऐकणारा. आन् आता ही पांढरी जपानी गाडी. कोण्या साहेबानं परदेशातून येताना आणलेली, मुंबईत विकायला काढली, भाऊजींनी घेतली. आन् मला साधी स्कुटी येत नव्हती.

त्या दिवशी हे माल आणायला औरंगाबादला गेलेले. दुकानात आम्ही दोघीच.

"अक्का, तो मुंबईवाला म्हणला, गाडीत सगळं कंपनीचं हाय. तुमी पाहा बरं एकदा. जे बाहेरचं निघंल ते आजच काढून टाका. मला नकली काही नको."

काढून टाका... बाई, माझ्या हातात पकड देऊन तूच म्हणतेस?

सुरू झाले. डॅशबोर्डला लाकडाची चकचकीत पट्टी होती, तिच्यावर रेखाचा लई जीव. कडेला नख घातलं तर टर्रकन वर आली. स्टिकर! मग डिक्कीवरचा स्पॉयलर. कंपनीनं पाडलेल्या भोकाच्या कडेला आतूनसुद्धा रंग असतो. इथं उघडा पत्रा गंजत होता, म्हणजे कोणीतरी ड्रिल मारलेलं. पुढच्या पिवळ्या लाईटच्या वायरीला आपली बाजारातली काळी टेप. कंपनीची वायर कापडी टेपात गुंडाळून क्लिपात बसवलेली असते, लोंबत नाही.

"हे पण बाहेरचं?"

"हे पण."

"अगं बाई... आन् हे?"

"मंग? जपानचा माणूस असलं भंगार बसवंल व्हय?"

रेखाचं तोंड एवढंसं होत चाललं. खोटं कशाला सांगू... मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

मग ती काडी. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर दीड वीत उभी, टोकाला हिरवा मणी. गावात सगळ्यांनी तिला झेंड्याची काडी ठरवलेलं. पूजेच्या दिवशी भाऊजींनी लिंबू-मिरचीही तिलाच बांधली होती.

मी वाकून बंपरच्या खालून बघितलं. वायर कापडी टेपात. क्लिप जागच्या जागी. भोकाच्या कडेला रंग. काडी कंपनीची होती, त्यात शंकाच नव्हती. पण तिच्या गाडीतली एक गोष्ट खरी निघाली, एवढंही मला सोसेना.

"ही पण बाहेरची. झेंड्यासाठी लावली असंल कोणीतरी."

काडीला पकड लावली. रेखा काडीजवळ आली.

"काढा मंग... मी बुटकी ना अक्का. सीटवर बसलं की डावा कोपरा दिसतच न्हाई. ह्या काडीकडं पाहूनच अंदाज घेऊन राह्यले. हिच्या भरवशावरच इथवर आले." मग स्वतःच म्हणली, "पण तुमी म्हणल्या तं बराबरच असंल. गाडीचं तुमच्याएवढं कोणाला कळतं?"

माझा हात तिथंच थांबला. एक पीळ दिला असता तर काडी हातात आली असती. आन् ही परत जाणार होती उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून... डावी बाजू न दिसता.

पकड काढली. "राहू दे. कंपनीची हाय ती."

"आत्ताच तं बाहेरची म्हणल्या!"

"खोटं बोलले. जळून बोलले. झालं समाधान?"

तिच्याकडं बघवेना म्हणून गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंगच्या बाजूला बटनांची रांग होती, त्यातल्या एकावर गाडीचं आन् काडीचं बारीक चित्र. चावी फिरवून ते दाबलं. गुर्र करून काडी बंपरात गेली. परत दाबलं, तर वर आली, आन् टोकाचा मणी हिरवा पेटला.

रेखा तोंडाला पदर लावून बघतच राहिली. महिनाभर गाडी चालवून तिला पत्ता नव्हता आन् मलाही नव्हता. मी पण बुटकीच. तिच्या सीटवर बसल्यावर मला कोपरा दिसेना, तो हिरवा मणी तेवढा दिसला. जपानात कोणीतरी आमच्यासारख्या बायांचा विचार करून ते बसवलं असणार... आमच्या दुकानातलं मशीन अजून ह्यांच्या उंचीचं आहे.

रेखा खिडकीशी आली. म्हणली, "अक्का, तुमी जळून राह्यल्या ते मला लाकडाच्या पट्टीलाच कळल्तं. किती खुश झाल्त्या तुमी! पण गाडीच्या कामात खोटं बोलताल, असं वाटलं नव्हतं."

पहिल्या बोलण्याचं काही नाही. दुसरं मात्र लागलं... अजून लागतं.

तिनं दुपारी पोचल्यावर दुकानाच्या फोनवर कळवलं. "पोचले अक्का, कुठं घासली न्हाई." बस, एवढंच.

त्या दिवसाची गोष्ट रेखानं आजपर्यंत घरात कोणाला सांगितली नाही. भाऊजींनाही नाही. तिच्या जागी मी असते तर चार दिवसांत मंठ्यापर्यंतच्या पाहुण्यांना कळवलं असतं. म्हणून आज मीच लिहिलं.

जळते मी तिच्यावर अजून... सगळ्यात जास्त ह्याच गोष्टीवर.