चालती मशीन हातात

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हाताची तर्जनी नाही आणि मधलं बोट वळत नाही. हे कसं झालं, ते म्हैसुरातल्या आपल्या मराठी लोकांत सगळ्यांना ठाऊक आहे. दसऱ्याला परसातल्या फणसाची फांदी तोडायची होती, त्याने चालू चेनसॉ हातात घेतली आणि घाईघाईत रेस दाबली. लग्नाकार्यात, देवळाच्या ओट्यावर, दुकानात गिऱ्हाईक नसलं की ही हकिगत अशीच सांगितली जाते. ती पहिल्यांदा मी सांगितली. ती खोटी आहे.

आमच्या घरी बोलताना निम्मं कन्नड येतं, लिहिताना तसं चालत नाही. म्हणून सोलापूरहून आलेल्या माझ्या सुनेने यातली भाषा नीट करून दिली. मजकुराला तिने हात लावलेला नाही. वाचून झाल्यावर तिने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवले.

चामराजपुरममध्ये आमचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखान्याची पत्र्याची शेड, त्यामागे परस. मी मशिनी आणि हिशेब बघायचो, भाऊ कटिंग करायचा. कापड पसरून डाव्या हाताचा पंजा त्यावर ठेवायचा आणि उजव्या हाताने कात्री चालवायचा. खडूची रेघ निम्म्या वेळा मारायचाच नाही. अपघातानंतर उरलेल्या बोटांनी कापड दाबून धरायलाही तो शिकला. तरी त्याच्या मुलाने कात्री त्याच्याकडून काढून घेतली. "अप्पा, तुम्ही बसा, सुम्ने, नुसते बसा," असं प्रेमानेच म्हणाला. त्याची सून नातवाला त्याच्याकडे देताना आधी त्याला खुर्चीत बसवते. भावजय गॅसपाशी जाऊ देत नाही. आणि तो ऐकतो. "माझं लक्ष नसतं, अण्णा," असं मलाच सांगतो. बोटांपेक्षा हे वाक्य मला जास्त छळतं, कारण ते मी त्याच्या तोंडी घातलं आहे.

आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आयुधपूजेला सगळ्या मशिनींना गंध, कुंकू, शेवंतीची माळ. त्यानंतर विजयादशमीच्या सकाळपर्यंत कोणी मशिनीला हात लावायचा नाही. दशमीला घरातल्या थोरल्याने एकेक मशीन स्वतः चालू करायची आणि ज्याची त्याच्या हातात चालती द्यायची. बंद मशीन हातात दिली तर वर्षभर काम अडतं, असं आमचे वडील मानत. शिवणाच्या मशिनीत या रीतीने कोणाचं वाईट होत नाही. मोटार दिवसभर घूं घूं करत असली तरी पायाने पायटा दाबेपर्यंत सुई जागची हलत नाही. आम्ही सगळे त्याच सवयीत म्हातारे झालो. मोटारीचा आवाज आला म्हणजे धोका, असं आमच्या अंगात कधी शिरलंच नाही.

चेनसॉ भावाची. कृष्णराजनगरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. तिथे बांधावर त्याने सिल्व्हर ओक लावले होते, म्हणून त्याने ती जुनी मशीन कोणाकडून तरी घेतली. त्या दसऱ्याला त्याने तीही पूजेत मांडली. कपाळ समजून गंध लावावं असं तिला एकच ठिकाण सापडलं, पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण. त्यावर त्याने उगाळलेलं गंध भरपूर थापलं, मधोमध कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधल्या मशिनी ओळीने चालू करून दिल्या. मग सगळे परसात आलो. फणसाची एक जाड फांदी पत्र्यावर टेकली होती, वारा आला की पत्रा करकरायचा. ती तोडून दशमीचं काम पुरं करायचं, असं ठरलं होतं. कारागीर, काजबटण करणाऱ्या पोरी, भावजय, आमची म्हातारी आत्या, सगळे कडेला उभे होते.

मी दोरी ओढली. मशीन चालू झाली, थोडा वेळ चालली, घसा बसल्यासारखी खरखरली आणि गप्प झाली.

पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"चोक बघ अण्णा," भाऊ म्हणाला.

चोक बघितला. प्लग काढला, कोरडा होता, तरी फडक्याने पुसला. लोखंडाला टेकवून दोरी ओढली, ठिणगी येत होती. हवेची जाळी काढून झटकली. पुन्हा जोडलं. चालू झाली आणि मेली. माझा खांदा भरून आला होता.

"यजमान, हिला काज करायला आवडत नसेल," आमचा इस्त्रीवाला म्हणाला. पोरी हसल्या.

आत्या हसली नाही. "नको म्हणत्येय ती," ती म्हणाली. "बेडा म्हणत्येय. ठेवा तिला."

"आत्या, मशीन नको म्हणत नाही. माणसं म्हणतात."

"मग माणसांचं ऐक."

भाऊसुद्धा म्हणाला, "राहू दे अण्णा. उद्या मेकॅनिककडे नेऊ. फांदी काय पळून जातेय?"

तिथे मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सगळ्या मशिनी चालत्या दिल्या आणि एकच बंद राहिली, तीही सगळ्यांच्या देखत, हे मला सहन होईना. माझ्या हातून न चाललेली मशीन आजवर नव्हती.

मी विचार केला, मंद चालीवर मरत्येय ना, मग ती चाल वाढवू. बाजूला एक स्क्रू असतो. रेस सोडल्यावर इंजिन किती वेगाने फिरत राहायचं, ते त्याच्यावर ठरतं. मी पेचकस घालून तो आत पिळला. मग पेट्रोल आहे ना, ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. आत हवा ओढली गेल्याचा बारीक आवाज झाला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. झाकण लावलं, दोरी ओढली, आणि मशीन चालू झाली. चालूच राहिली. वाढीव आवाजात, न अडखळता. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

स्क्रूने काम केलं असं मला वाटलं. खरं काय होतं ते आता कळलं आहे. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते गंधाने बुजलं होतं. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं. झाकण उघडल्याने हवा गेली आणि ती चालली. स्क्रू पिळायची काही गरज नव्हती.

आता मुद्द्याचं. या मशिनीतही मंद चालीवर साखळी थांबलेली असते, रेस दिली तरच फिरते. माझा हात रेसच्या खटक्यावर नव्हता. साखळीचा ब्रेक सुटावा म्हणून त्याचा दांडा मीच मागे ओढून ठेवला होता. आणि साखळी फिरत होती. भरधाव नाही. तिचे दात एकेक करून मोजता येतील अशी, सरपटल्यासारखी. मी ते बघितलं. मला ते चुकीचं आहे हेही कळलं. आणि मी मनात म्हटलं, बंद केली तर परत चालू होणार नाही.

"घे," मी भावाला म्हणालो. "चालती घे. बंद करू नकोस."

पुढची मूठ मी धरलेली होती. त्याने उजव्या हाताने मागची मूठ घेतली. डावा हात ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने तो, कापडाचा जड तागा घेताना घालतो तसा, पात्याच्या खाली घातला. त्याच्या दृष्टीने मशीन थांबलेली होती. कोणी पायटा दाबला नव्हता.

तो ओरडला नाही. आत्या ओरडली.

रिक्षात त्याचा हात फडक्यात गुंडाळून मी मांडीवर धरला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? भाऊ पडल्या पडल्या छताकडे बघत होता. भावजय माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "त्याने रेस दाबली, सर. घाई झाली."

एवढंच. त्यानंतर मला पुन्हा कधी खोटं बोलावं लागलं नाही. बाकीच्यांनी ते सांभाळलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर भावाने भावजयीला विचारलं, मी काय केलं? तिने मी सांगितलेलं त्याला सांगितलं. त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं, म्हणून त्याने ते घेतलं. मी दिलेलं सगळं तो घेत आलाय.

मशीन शेडच्या माळ्यावर गेली. मी कैकदा वर बघायचो. स्क्रू उलटा पिळून ठेवावा, असं मनात यायचं. कोणी कधी चालू केली तर? पण वर चढून त्या मशिनीला हात लावताना कोणी बघितलं तर काय सांगू, म्हणून मी चढलो नाही. एका माणसाचं बोट गेल्यावरही मी ती तशीच ठेवली.

मागच्या आठवड्यात पुतण्याने माळा रिकामा करायला काढला. पिरियापट्टणचा एक गृहस्थ, त्याची तंबाखू सुकवायची भट्टी आहे, सरपण तोडायला जुनी मशीन शोधत होता. पुतण्याने त्याला बोलावलं. मी दुपारी जेवून दुकानात आलो तर परसातून दोरी ओढल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

गृहस्थ खाली वाकला होता. ताजं पेट्रोल त्याने बाटलीतून आणलं होतं. भाऊ पायरीवर बसला होता, पुतण्या शेजारी. मशीन चालू झाली, खरखरली, मेली.

"अय्यो, हिची खोडच आहे ती," भाऊ हसून म्हणाला. "त्या दिवशीही असंच नाटक केलं होतं हिने."

गृहस्थाने टाकीचं झाकण उघडलं. हवा ओढल्याचा तोच बारीक आवाज. त्याने झाकण उन्हात धरलं, नखाने खरवडलं. वाळलेल्या गंधाची खपली निघाली. शर्टाची पिन काढून त्याने भोक मोकळं केलं आणि झाकण लावलं.

मी दारातच उभा होतो. बोलायला अजून वेळ होता.

त्याने दोरी ओढली. मशीन सुरू झाली आणि चढ्या आवाजात चालत राहिली. मशीन जमिनीवरच ठेवून त्याने मूठ सोडली, उजवा हात झटकला आणि तो डाव्या हाताने पात्यावरचा कोळिष्टकांचा गुंता काढायला गेला.

"हात काढ!" मी ओरडलो. "कै तेगी! कै तेगी!"

तो दचकून मागे सरला. मशीन जमिनीवर होती. तिला कोणाचाही हात लागलेला नव्हता. साखळी हळूहळू फिरत होती.

भाऊ उठून उभा राहिला. तो साखळीकडे बघत होता. मग त्याने आपलं उजव्या हाताचं बोट, रेस दाबल्याचा आळ ज्याच्यावर होता ते, वर करून बघितलं.

गृहस्थाने मशीन बंद केली. "पडून पडून बिघडली असेल," तो कन्नडमध्ये म्हणाला. "होतं तसं. स्क्रू सैल केला की झालं."

त्या परक्या माणसाने मला सुटायची वाट करून दिली होती. मान हलवली असती तरी भागलं असतं. खरं सांगतो, मान हलायला लागलीही होती.

"पडून बिघडली नाही," मी म्हणालो. "स्क्रू मी पिळला होता. त्या दिवशी. ती मरत होती म्हणून."

पुतण्या म्हणाला, "काका?"

भावाने त्याला हाताने गप्प केलं. "किती पिळलास?" त्याने मला विचारलं. कारागिराने कारागिराला विचारावं तसं.

"जाईल तेवढा."

"आणि साखळी? अशीच फिरत होती?"

"अशीच."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"माझ्या हातात द्यायच्या आधी?"

"आधी."

तो परत पायरीवर बसला. आतून भावजय कॉफी घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने त्या गृहस्थाला पेला दिला, भावाला दिला, पुतण्याला दिला. माझा पेला ताटलीत तसाच ठेवून ती आत गेली.

मशीन विकली नाही. गृहस्थ रिकाम्या हाताने गेला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या सुमाराला भाऊ माझ्यापाशी आला. मला वाटलं होतं, शिव्या देईल. मी त्याला सांगितलं, "तुझ्या मुलाला, सुनेला मी बसवून सगळं सांगतो. घरातल्या घरात."

"घरात नको," तो म्हणाला. "मला वेंधळा म्हणणारे घरातच होते काय? देवळात सांग. एकादशीच्या भजनाला सगळे असतात. आरतीच्या आधी उभा राहा आणि सांग. मी समोर बसतो."

"सांगेन."

"स्क्रूचं सांगशील तू," तो म्हणाला. "हवेचं, गंधाचं, दोरी ओढून ओढून दमलास तेही सांगशील. लोक म्हणतील, बिचारा अण्णा, त्याला काय माहीत. साखळी फिरताना बघितलीस, ते गाळशील."

मी म्हणालो, नाही गाळणार.

"गाळशील," तो म्हणाला. "मी ओळखतो तुला. म्हणून समोर बसणार आहे."

परवा एकादशी आहे. त्या संध्याकाळपासून तो माझ्याशी बोललेला नाही. आज दुपारी मुलाच्या हातून कात्री घेऊन तो कटिंगच्या टेबलापाशी उभा राहिला. मुलगा बाजूला झाला. शेडमधल्या मशिनी थांबल्या. कापडावर पंजा ठेवून त्याने मान वर केली आणि मी शेडमधून निघून दिसेनासा होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.