बांगडीवालीनं दाबलेला हात

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी दर्यापूरहून अकोल्याला निघालेली आमची जीप भरेपर्यंत हलणार नव्हती. गाणं शिकायला कुठलं कॉलेज घ्यावं, यावर माझी नि बाबांची तिथंच जुंपली. मला माईक धरून आजची गाणी गायची होती. बाबांना रागदारीच हवी होती. शेजारची बांगडीवाली बांगड्यांच्या पेटीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होती. एकदम तिनं माझा हात धरून दाबला.

"मी आधी हात पायते, मंग बांगडी काढते. पोरीचं गानं न आयकताच कालेज काहून ठरवून राहिले, भाऊ? म्हन बेटा!"

मी गायले, अगदी मोकळं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबला.

अकोल्याच्या कॉलेजात सरांनी विचारलं, "राग किती येतात?"

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "सर, आधी आयकून तं पाहा!"