रंजना रडली नाही

गोडादऱ्यात आमच्या गल्लीत साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायका पुष्कळ, पण रंजनासारखा हात कुणाचा नाही. नवरा गजेंद्र शहराबाहेर इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर, आठवड्यातून एकदा घरी. एरवी घरात ती आणि आठ वर्षांची धनश्री. मी तारा, तिच्या शेजारची. आम्ही दोघी धुळ्याकडच्या, म्हणून माझ्याशी ती अहिराणीत बोलायची. बाकी कुणाशी फारसं बोलणं नव्हतंच.

गेल्या फेब्रुवारीत धनश्री ट्यूशनहून परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुठल्याशा चॅनेलचा माणूस माईक घेऊन दारात. रंजनानं केस विंचरले, कुंकू लावलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं: पिवळा फ्रॉक, डाव्या भुवईवर खूण, बोलताना जीभ अडखळते. फोन नंबर दोनदा सांगितला. डोळ्यांत टिपूस नाही.

झालं. दुपारपर्यंत व्हिडिओखाली लोकांची झुंबड. कुणी गुजरातीत, 'आ मा छे के पथ्थर?' म्हणजे ही आई की दगड. 'नटूनथटून बसलीय बघा.' 'हिनंच विकली असणार.' ज्यांनी जन्मात गोडादरा पाहिला नाही तेही न्यायाधीश झाले. खोटं कशाला सांगू, मला लोकांपेक्षा तिचाच राग आला. चार टिपं गाळायला हिचं काय जात होतं?

आणि मला कारण ठाऊक होतं. आमच्या घरांत जित्या माणसाच्या नावानं रडत नाहीत. रडलं म्हणजे माणूस गेला असं आपणच मान्य केलं. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा माझी सासू धुरपदाबाई तोंडात पदर कोंबून बसायची. त्या संध्याकाळी रंजना मला म्हणालीही, "मी कसाले रडू, ताई? मनी पोर जिती शे."

तिची पोर जिवंत आहे म्हणून ती रडत नाही, एवढंच मला सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं होतं. दोन ओळी. पण तिथे सगळे तिच्यावर तुटून पडले होते. तिची बाजू घेतली तर उद्या आपल्यालाही ओढतील, असं मनात आलं. मी फोन बाजूला ठेवून भाकरी थापायला बसले. गल्लीतली माणसं शोधायला निघाली होती, तीही माघारी आली. त्यांचं म्हणणं, आईलाच विचारा. तिच्याकडे कपभर चहा घेऊन कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

गजेंद्र तपासाच्या मागे पोलीस ठाण्यात बसलेला. मग ती एकटीच फोटो घेऊन उधना स्टेशनवर उभी राहायला लागली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिसऱ्या दिवशी एका चहावाल्यानं फोटो ओळखला. म्हणाला, ही पोरगी नंदुरबारच्या गाडीत चढली, तिकडे राहणाऱ्या मामाकडे जाते म्हणत होती. नंदुरबारच्या बालगृहात धनश्री सापडली. भेदरून तिची जीभ अशी लुळी पडली होती की तिला पत्ता सांगताच आला नव्हता. चॅनेलनं दहा सेकंदांत बातमी संपवली. बातमीखाली तिघांनी जोडलेल्या हातांची चिन्हं टाकली. विकली म्हणणारा एकही फिरकला नाही.

पोर घरी आली त्या दिवशी मी शिरा घेऊन गेले. रंजना साडी पसरून कामाला बसली होती, धनश्री तिच्या मांडीला टेकून झोपलेली. मी ताट ठेवलं. म्हटलं, "लोकांचं मनावर घेऊ नकोस गं. त्यांना आपली रीत काय माहीत."

तिनं मान वर केली नाही.

"त्यास्ले माहीत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "तुले माहीत व्हतं."

 आजही ती दिसली की हसते. बोलत मात्र नाही.