अर्जातला उजवा पाय

"ह्याला काय धाड भरलीया? चांगला धडधाकट दिसतोय की!"

माझ्या मागे बसलेली बाई तिच्या शेजारणीला म्हणाली. वेल्ह्याच्या वरच्या कुठल्याशा गावाहून ती मुलाला घेऊन चालत आली होती. मुलाचा डावा हात कोपरापासून नव्हता. बोलत होती ती माझ्या भावाबद्दल. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला लहानपणापासून चांगलं जमतं.

लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. जखमी होऊन घरी आलेल्या शिपायांना तपासून कोणाला सरकारी पेन्शन द्यायचं हे ठरवायला पुण्याहून एक डॉक्टर नसरापूरला आले होते. आम्ही भोरहून सकाळच्या मोटारीने आलो होतो. बाबा, दादा आणि मी. मी अशासाठी, की पुण्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते आणि दादाचा अर्ज मीच इंग्रजीत लिहिला होता. कोणी काही विचारलंच, तर समजावून सांगायला मी.

दादा लष्करात लॉरी चालवायचा. ती दरीत कोसळली तेव्हा त्याचं डोकं कानाच्या वर फुटलं. उजवा पायही मोडला, पण तो सांधून सरळ झाला. डोक्यात काहीतरी कायमचं मोडून राहिलं. राकेल आणायला पाठवलं तर संध्याकाळी तो नीरेच्या काठावर रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसलेला सापडे. विचारलं की म्हणे, "रांग मोठी होती." चहा पिऊन पाच मिनिटं झाली की आई चहा देत नाही म्हणून चिडे. आई खलबत्त्यात काही कुटायला लागली की कान दाबून घराबाहेर पळे, आणि एकदा त्याने तो बत्ताच विहिरीत टाकला. त्याला कोण नोकरी देणार होतं? आईबाबा किती वर्षं पुरणार होते?

हे सगळं अर्जात लिहायचं होतं. मी लिहिलं होतं.

आईने माझ्याकडून तो कागद मराठीत वाचून घेतला आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, "डोक्याचं लिहू नकोस. पायाचं लिही."

नसरापूरच्या एका घरातून मला पाहून गेले होते. लंगड्या माणसाची बहीण चालते; ज्या घरात एकाचं डोकं फिरलं, त्या घरची मुलगी कोणी करत नाही. बाबा कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांचे मराठी अर्ज तपासत आले होते. तेही म्हणाले, "पाय तर पाय. पेन्शन मिळाल्याशी कारण." इस्पितळाचा कागद त्यांनी जोडलाच नाही. मी पहिला अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. सुरेख अक्षरात. त्या अक्षराचं बाबांनी कौतुक केलं. मी गप्प बसले. मला कोणाचा सगळ्यात जास्त राग येतो हे कोणी विचारलं, तर त्या गप्प बसलेल्या मुलीचा.

मग चार दिवस बाबा दादाकडून पाठ करून घेत होते. "कुठे दुखतं?" "उजवा पाय." "कधी?" "चालताना." सकाळी यायचं ते दुपारी जायचं. विसरतो म्हणून बाबा त्याच्यावर ओरडायचे. विसरतो म्हणून!

निघताना आईने त्याच्या डोक्याला तेल लावून केस व्रणावर नीट चापून बसवले आणि वर काळी टोपी घातली. साहेबापुढे माणूस नीटनेटका जायला हवा.

आमचं नाव पुकारलं ते तिथल्याच एका कारकुनाने. मला पाहून गेलेल्या घरचे ते काका. बाबा मला हळूच म्हणाले, "बरं झालं, आपलंच माणूस आहे."

डॉक्टर आपल्याकडलेच होते, पण कारकुनाशी इंग्रजीत बोलत. अर्ज वाचून ते दादाला म्हणाले, "चालून दाखवा."

दादा उठला आणि लष्करात शिकवलं होतं तसा टाचा आपटत भिंतीपर्यंत गेला, गर्रकन वळला, परत आला आणि सलाम ठोकला. दारात जमलेली माणसं हसली. मघाची बाई म्हणाली, "आगं बया, ह्यो तर उद्या पुन्ना लढाईवर जाईल!"

"कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळ्यांनी खाली, पायाकडे खुणावलं. दादाने खाली पाहिलं. बराच वेळ जमिनीवर काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग ताठ उभा राहून म्हणाला, "कुठेच नाही साहेब. मी ठीक आहे."

डॉक्टर कारकुनाला इंग्रजीत म्हणाले की हा ढोंगी आहे, घरच्यांनी पढवून आणलाय, अर्ज नामंजूर करा.

"येस सर, थँक यू सर," बाबा हात जोडून म्हणाले. त्यांना इंग्रजी इतकंच येत होतं.

कारकून हसले. "रावसाहेब, पेन्शन नाही मिळायचं. पण चिरंजीव ठणठणीत आहेत, आनंद माना!" आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घर चांगलं आहे, हरकत नाही, अशा नजरेने.

बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. मी ती पाहिली. दादाचा जन्मभराचा आधार गेला होता, आणि माझे वडील सुटले होते. दादा अजून सलामाचा हात कपाळाला लावून उभाच होता. हात खाली घे म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पुढे झाले. बाबांनी माझं मनगट धरलं, ते सोडवलं. दादाचा हात खाली घेतला. त्याची टोपी काढली, तेलाने चापलेले केस बाजूला केले. इंग्रजीत बोलले असते तर डॉक्टर आणि कारकुनाखेरीज कोणाला कळलं नसतं. म्हणून मराठीत बोलले, आणि दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"ह्याचा पाय केव्हाच बरा झालाय. ह्याचं डोकं फुटलंय, ते बघा. हा ढोंगी नाही. खोटं आम्ही लिहिलंय, आणि ते अक्षर माझं आहे."