डेलच्या शेजारची जागा

आमच्या गावच्या कचेरीत कॉम्प्युटरचं सगळं व्हर्ना टॉलेफसन बघायची. वय चौसष्ट, आवाज खणखणीत, आणि बॅकअपवर काडीचा विश्वास नाही. "हिरवी खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस, गॉर्डी," ती मला, तिच्या मदतनिसाला, म्हणायची. "परत आणून दाखव, मग बोल." दर महिन्याला ती सगळा डेटाबेस एका जुनाट मशीनवर उतरवून बघायची. मी हसायचो. झालं हिचं सुरू!

जानेवारीत पाइप फुटला. तळघरातला सर्व्हर आणि ते जुनाट मशीन दोन्ही गेली, दफनभूमीच्या जुन्या वह्यांचा लगदा झाला; त्यांतल्या नोंदी उरल्या त्या फक्त वरच्या मजल्यावरच्या बॅकअप सर्व्हरवर. आणि नेमकी त्याच आठवड्यात आर्लिस ब्रेकी आली. ऐंशीची बाई, नवरा ऑरिन सोमवारी गेलेला. त्यांचं पहिलं बाळ, डेल, एकसष्ट वर्षांपूर्वी दोन दिवसांचं असताना गेलं. आर्लिस तेव्हा हॉस्पिटलात होती. ऑरिननं एकट्यानंच पेटी नेऊन पुरली. कबरीवर दगड लावायची ऐपत नव्हती, आणि पुढे त्या विषयावर त्यानं कधी तोंडच उघडलं नाही; कबर नेमकी कुठे, हे आर्लिसला माहीतच नव्हतं.

"ऑरिनला बाळाशेजारी ठेवायचंय मला," ती म्हणाली.

दफन शनिवारी. गोठलेली जमीन मऊ करायला दीड दिवस हीटर लावून ठेवावा लागतो, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत जागा सापडायलाच हवी.

गुरुवारी सकाळी नवं मशीन आलं. मी त्यावर डेटाबेस आणायला गेलो, तर बॅकअप सर्व्हरनं नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. "मठ्ठ आहे हा!" मी ओरडलो.

"मठ्ठ तू आहेस," व्हर्ना चष्मा चढवत म्हणाली. "जुन्या सर्व्हरचं सामान तो जुन्या सर्व्हरलाच देणार. उद्या कुणीही परका येऊन मागेल, द्यायचं का त्यानं? हे मशीन आपलंच आहे, असं त्याला सांगावं लागतं."

तिनं बॅकअप सर्व्हरवर एक छोटी फाइल बनवली: कुठल्या मशीनचं सामान कुठल्या मशीनला न्यायची मुभा आहे, एवढंच. नव्या मशीनला जुन्यासारखी दुसरी डिस्क नव्हती, म्हणून फाइली उतरवायची जागाही बदलली. दर महिन्याचा सराव, हात भराभर चालत होते. मला लाज वाटली.

आर्लिस कोटही न काढता बाकावर बसली होती. साडेअकराला नोंद उघडली, तेव्हा व्हर्नानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि वाचून दाखवलं. "डेल ब्रेकी. विभाग तीन, ओळ नऊ, जागा चौदा." मग ती थांबली. व्हर्ना कधी थांबत नाही.

"काय झालं? शेजारी जागा नाहीये का?"

"आहे. खाली शेरा आहे, मिसेस ब्रेकी. 'दोन्ही बाजूंच्या जागा राखून ठेवाव्यात. एक माझ्यासाठी, एक त्याच्या आईसाठी. विनंती वडिलांची.'"

आर्लिस स्क्रीनजवळ वाकली. "मला वाटायचं, हा विसरला," ती म्हणाली. "किती चिडले असेन मी त्याच्यावर!" व्हर्नानं तिचा हात धरला, आणि दोघी रडल्या. मी खोदणाऱ्यांना फोन लावला. ते विचारत होते, डावीकडे की उजवीकडे?

"डावीकडे," आर्लिस म्हणाली. "पलंगावर तो डावीकडेच झोपायचा. बाळ घरी आलं की मध्ये घ्यायचं ठरलं होतं आमचं."