आरोहीचं 'नको'चं कार्ड

मंडळी, आज माझ्या विद्यार्थिनीनं मला चक्क नकार दिला आणि मी दिवसभर मिरवतेय!

आष्ट्याच्या आमच्या विशेष शाळेतली आरोही बोलत नाही. तिच्यासाठी मी सॉफ्टवेअरवर चित्रांची कार्डं बनवते: पाणी, भाकरी, झोका. जे हवं, त्याचं कार्ड ती आमच्या हातात देते.

सकाळी तिची आई म्हणाली, "आवं बाई, पोरीला नगं म्हणायचं असंल तर? त्याचं चित्र कुठं हाय?"

मला सुचलंच नव्हतं! लगेच आईच्याच 'नको' म्हणणाऱ्या हाताचा फोटो घालून कार्ड छापलं.

दुपारी मी वरणभाताचा घास पुढं केला, तर आरोहीनं तेच कार्ड माझ्या हातात ठेवलं.

कालपर्यंत अशा वेळी ती स्वतःचं मनगट चावायची. आणि आम्ही तिला हट्टी म्हणायचो.

तुमच्या घरातल्या लेकराला 'नको' म्हणायची सोय आहे का?