संत्र्यांच्या पट्ट्यावरच्या काकू

काकू कधी शिवी देत नसत. त्यांनी ‘साहेब’ म्हटलं की तीच शिवी वाटायची.

सौसरजवळ संत्री धुऊन, निवडून, पेट्यांत भरणारी एक कंपनी होती. डिप्लोमा झाल्यावर मी पांढुर्ण्याहून तिथं शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा काकू फळं निवडायच्या सरकत्या पट्ट्यावरच्या वीस बायांच्या प्रमुख होत्या. रामाकोन्याहून रोज यायच्या. कंपनीला साहेब तीन: मॅनेजर, मालकाचा भाचा आणि नागपूरहून फोनवर बोलणारे तिसरे. सकाळी एक म्हणे, बारीक फळ वेगळं काढा; दुपारी दुसरा म्हणे, कोणी सांगितलं? काम दोनदा करावं लागे आणि बोलणी बायांना बसत. काकू म्हणत, "तीन बैलाची बंडी हाय बाप्पा, तिघंही तिकडं-तिकडं ओढून राहिले."

एकदा साहेब लोक ट्रक सांगायलाच विसरले. भरलेल्या पेट्या दोन दिवस उन्हात पडून राहिल्या, फळ सडलं. मॅनेजर बायांवरच ओरडला, "निवडताना डोळे कुठं होते?"

काकूंनी एक सडकं संत्रं त्याच्या टेबलावर, नेमकं कागदांवर ठेवलं. "साहेब, हे परवा चांगलं होतं. तुमी परवा कुठं होते?"

मी मागं उभा होतो. हसू आलं, पण हसलो नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

पट्टा फिरवणाऱ्या साखळीवर लोखंडी जाळी असते. ती साफसफाईला काढली आणि कुठं ठेवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मॅनेजरला सांगितलं, भाच्याला सांगितलं. "हो जाएगा," एवढंच उत्तर. तीन आठवडे काकू रोज विचारत राहिल्या. शेवटी त्यांनी स्वतःच दोन फळ्या आडव्या बांधल्या. मग नागपूरचे पाहुणे यायचे ठरले आणि भाच्यानं त्या फळ्या काढायला लावल्या. दिसायला वाईट दिसतं म्हणे!

त्याच दुपारी शोभा नावाच्या बाईचा हात साखळीत गेला. काकूंनी धावत जाऊन बटण बंद केलं. मी जागच्या जागी थिजलो होतो. शोभाची दोन बोटं गेली. दवाखान्यात न्यायला कंपनीची गाडी नव्हती, ती पाहुण्यांना घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली होती. माझ्या मोटरसायकलवर मध्ये शोभा, मागं तिला कवटाळून काकू, असे आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.’ मी सही केली. त्या तिघांचा जेवढा राग येतो, तेवढाच मला त्या सहीचा येतो.

काकूंना कळलंच. "तुले जाळीचं मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग कायले केली सही?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात त्या शोभाला घेऊन पांढुर्ण्याला कामगार अधिकाऱ्याकडं गेल्या. चौकशी लागली. अधिकाऱ्यानं मला विचारलं, तेव्हा काकू समोरच्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "सही माझी आहे, पण मजकूर खोटा आहे."

जाळी दोन दिवसांत बसली. दोनच दिवस लागले! शोभाचा इलाजही कंपनीला करावा लागला. आणि महिनाभरात काकूंना व मला ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगण्यात आलं. त्या एका निर्णयावर तिन्ही साहेबांचं पहिल्यांदा एकमत झालं.

आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे. मागच्या हिवाळ्यात रामाकोन्याला गेलो, तर काकू दिराच्या शेतात कापूस वेचत होत्या. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "काकू, परवा साखळी उघडी दिसली. साहेब ओरडत होता, तरी मी मशीन चालू होऊ दिली नाही."

त्यांचा हात थांबला नाही. "बाया किती हायेत तिथं?"

"बत्तीस."

"सगळ्याइचे नावं येतात तुले?"

मला अकरा येत होती. मी तसं सांगितलं.

"मंग अजून लय बाकी हाय, पोरा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी दारात उभा राहिलो आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला तिचं नाव विचारलं.